औंदा वाटाणा केलाय

आमच्या घरात वाटाणा दोनच कामांसाठी येतो, उसळ नाहीतर मिसळ. वाटाण्याचे कोवळे शेंडे कात्रीने कापून सॅलडमध्ये खातात हे मला चाळिशीपर्यंत माहीतच नव्हतं, आणि ते रात्री साडेअकराला रील बघताना कळलं इथेच घोळ झाला. रीलमधली बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यापाशी उभी राहून सांगत होती, वाटाणे रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये पसरा, दोन आठवड्यांत कापा. बास. तिच्या रीलमध्ये आई, बायको, अण्णा, कबुतरं असलं कोणीच नव्हतं.

लगेच उठून पाव किलो वाटाणे भिजत घातले. सकाळी गडबडीत डबा उचलून ऑफिस गाठलं, दुपारी उघडला तर वाटाण्याची उसळ! घरी फोन लावला तर आई म्हणते, "भिजवल्यालं दिसलं, म्हटलं सूनबाईनं भिजवलं आसंल. वाटाणं भिजवून आणि काय करत्यात?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उसळ चांगली झाली होती, काय करणार.

दुसऱ्या वेळी पातेल्यावर 'हे खायचं नाही' अशी चिठ्ठी लावली. ट्रे विकत आणायचा नाही असा बायकोचा हुकूम, म्हणून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे रिकामे प्लास्टिकचे डबे घेतले, त्यांना खाली भोकं आयतीच असतात. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट बादलीत टाकली आणि ती फुगत फुगत बादलीच्या बाहेर आली, ती बाथरूमची जाळी तुंबल्याची गोष्ट इथे नको. पहिले दोन-तीन दिवस डबे झाकून अंधारात ठेवायचे असतात, म्हणून सोफ्याखाली सारले आणि लाडाने दिवसातून चार वेळा पाणी घातलं.

चौथ्या दिवशी हॉलमध्ये वास सुटला. बायको म्हणाली उंदीर मेलाय. मग काय, अख्खा रविवार कपाट सरकव, टीव्हीमागे बॅटरी मार, अण्णांनी तर लाफ्टवरच्या गाद्यासुद्धा खाली काढल्या, आणि मी सगळ्यांत पुढे राहून उंदीर शोधतोय. संध्याकाळी सोफा हलवला तेव्हा कळलं. पाणी जास्त झाल्याने वाटाण्यांना पांढरी बुरशी आली होती, त्यात अर्धे दाणे फुटके निघाले, ते उगवत नाहीत, नुसते कुजतात. "हा तुझा उंदीर," बायको म्हणाली. सोमवारपासून दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

मग वाटलं बियाणंच चांगलं आणावं. दुकानदाराने गुलाबी रंगाचे वाटाणे दाखवले आणि वर विचारलं, "रान कुठंय तुमचं?" मी म्हटलं, हॉलमध्ये. तो दोन मिनिटं बघतच राहिला, मग म्हणाला, ह्याला बुरशीनाशक चोळलंय, शेतात पेरायचं, असलं कोवळं कापून खायचं नाही. परत आलो. किराणातलेच वाटाणे घेतले, आईच्या परातीत एकेक निवडून फुटके काढले.

ह्या वेळी भिजवून पसरले, झाकले, पाणी फक्त फवाऱ्याने. सोफ्याखाली बंदी म्हणून ओट्याखाली ठेवले. उगवले बुवा! मग गॅलरीत, आमच्या साताऱ्याच्या गोडोलीतनं अजिंक्यतारा समोर दिसतो, तिथे उन्हाला. दुसऱ्याच दिवशी कबुतरांनी एका डब्याची पंगत उठवली. जुनी मच्छरदाणी बांधली तेव्हा कुठे उरलेले दोन डबे वाचले.

बाराव्या दिवशी शेंडे वीतभर झाले. कापताना सगळ्यांत खालच्या पानाच्या वर कापायचं, म्हणजे खालच्या डोळ्यातनं परत फुटतं. मी हे मोठ्या ऐटीत अण्णांना समजावून सांगितलं. अण्णांनी कोरेगाव तालुक्यात जन्मभर वाघ्या घेवडा आणि हरभरा केला. ते म्हणाले, "आरं, हरभऱ्याचं शेंडं खुडून तुझी आज्जी भाजी करायची. खुडलं की फुटवा येतोच की. त्येला रील लागतंय व्हय?"

आता बोला.

दोन डब्यांचं मिळून मूठभर निघालं. चव मात्र ताज्या मटारची, खरंच, थोडी गोडसर. आईने विचारलं, एवढ्याचं काय करू? शिजवलं तर चमचाभर होईल. शेवटी पिठल्यावर कोथिंबिरीसारखं भुरभुरलं आणि पाच माणसांना ते पुरवलं.

पण तेव्हापासून अण्णा बिघडलेत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन डब्यांपुढे बसतात, फवारा माझ्या हातात देत नाहीत, तुला अंदाज नाही म्हणतात. परवा गावाकडनं चुलत्यांचा फोन आला, स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकू आलं. चुलते ऊस-पाणी सांगत होते, मग त्यांनी विचारलं, तिकडं काय विशेष?

"औंदा वाटाणा केलाय," अण्णा म्हणाले.

"आरं वा! किती?"

अण्णा जरा थांबले, माझ्याकडे बघितलं.

"दोन डबं."