पैसे कोण देतं ते आधी पाहा

शाळेत नर्स आठवड्यातून एकच दिवस येते, यासाठी एका लेखात सगळा दोष स्कूल बोर्डाला, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाला दिलाय. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बरीच वर्षं राहते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे स्कूल बोर्ड निवडून येत असलं तरी त्याला कर लावायचा अधिकारच नाही. राज्याकडून येतं त्यावर स्थानिक पैसा किती घालायचा, हे काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) निवडून आलेले कमिशनर ठरवतात. शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलीस, तुरुंग, अँब्युलन्स, आरोग्य खातं, हे सगळं त्याच थैलीतून. राज्यात अशा 100 काउंट्या आहेत. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी जनसुनावणी घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे.

मागे एकदा मी अशा सुनावणीला गेले होते. बोलायला तीन मिनिटं. माझ्या पुढे रात्रपाळी संपवून आलेली अँब्युलन्सवरची एक पॅरामेडिक होती, अंगावर गणवेश तसाच. गाडी कमी असली की दुसऱ्या टोकाहून यायला किती वेळ लागतो, ते तिने कागद न बघता सांगितलं. शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे एक सेंट कर म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

सभागृहात आपल्या मराठी लोकांतली मी एकटीच. गणेशोत्सवाला मात्र आपण शाळेचा हॉल भरून टाकतो! मे-जूनमध्ये या सुनावणीसाठी एक संध्याकाळ काढा हो, मुलं आपलीच आहेत.