‘आमूर’ हा आपला ‘अमर’ नव्हे

प्रेमाला फ्रेंचमध्ये ‘आमूर’ म्हणतात, आणि तो म्हणे आपलाच ‘अमर’! जे मरत नाही ते प्रेम. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरात पुरावेही तीन दिलेत.

पहिला, उच्चार सारखा. कानाला सारखा लागतो, खरंय. पण शब्दाचं कूळ जुन्या रूपांवरून काढायचं असतं. ‘आमूर’ आला लॅटिन ‘आमोर’वरून, आणि ‘आमोर’ हे ‘आमारे’ (प्रेम करणे) या क्रियापदाचं नाम. दोलोर (दुःख), कालोर (उष्णता) ही याच साच्यातली नामं. त्यांतला ‘ओर’ हा प्रत्यय, आणि त्याचा ‘र’ तर मुळात ‘स’ होता. म्हणजे धातू उरला ‘आम्’. त्यात ‘मर’ कुठून काढणार?

गंमत पुढेच आहे. दोलोरचं फ्रेंचमध्ये ‘दुलर’ झालं, कालोरचं ‘शालर’. त्या चालीने आमोरचं ‘आमर’सारखं काहीतरी व्हायला हवं होतं. तसं रूप होतंही. उत्तर फ्रान्सच्या काही बोलींत ते टिकलं, पण अर्थ उरला जनावरांचा माज! ‘आमूर’मधला ‘ऊ’ दक्षिणेकडच्या प्रोव्हाँसाल कवींच्या प्रेमगीतांमुळे रुजला, असं सहसा मानतात. तेव्हा ‘अमर’शी उच्चार जुळवायचाच असेल, तर तो गोठ्यात जुळतो.

दुसरा पुरावा: लॅटिनमध्ये ‘आ’ म्हणजे विना, ‘मोर्स’ म्हणजे मृत्यू. ही कोटी 13व्या शतकात जाक द बेझिओ या कवीने केली होती. कविता म्हणून छान. पण लॅटिनमध्ये नकार ‘इन’ने होतो, म्हणून न मरणारा तो ‘इम्मोर्तालिस’. त्याचाच फ्रेंच ‘इमॉर्तेल’. 1635 साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीच्या 40 सभासदांना हेच बिरुद आहे. आपल्या ‘अमर’चे सख्खे नातलग हवे असतील तर ते इथे आहेत: मृ, मृत, मोर्स, फ्रेंच ‘मॉर’.

तिसरा, संस्कृत सर्व भाषांची जननी. लॅटिन तिची मुलगी नाही, बहीण आहे. दंत, नव, सप्त हे शब्द दोघींकडे आले ते एकाच घरातून. मात्र ‘आमारे’च्या मागे काय होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एक तर्क असा की तो लहान मुलांच्या ‘अम्मा’सारख्या बोलातून आला, ज्यातून लॅटिनमध्ये आत्यालाही ‘आमिता’ म्हणू लागले.

प्रेमाच्या शब्दाचं नातं मिरवायचंच असेल, तर इंग्रजी ‘लव्ह’चं मिरवा. तो आणि संस्कृत ‘लुभ्’ खरोखर एका मुळाचे. आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितो, तोच हा लोभ.