'अंगार'मधले पाणी

मुंबईतल्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की बंगाली रंगभूमीवर प्रकाशयोजना तापस सेन यांनी सुरू केली, 'अंगार' या नाटकात त्यांनी रंगमंचावर खरे पाणी सोडून खाण बुडवली, ते मुळात ट्रिकसीनचे, म्हणजे चमत्कृतीच्या दृश्यांचे कलावंत होते, आणि त्यांचे काम आज चार मूव्हिंग हेड, म्हणजे यंत्राने फिरणारे दिवे, भाड्याने आणून कोणीही करील. लिहिणाऱ्याचा आदर खरा असावा. विधाने मात्र तपासावी लागतात.

पहिल्याला फार वेळ द्यायला नको. सेन यांचा जन्म १९२४चा. ते शाळकरी वयाचे असतानाच अमेरिकेत रंगतंत्र शिकून परतलेले सतू सेन कलकत्त्याच्या रंगभूमीवर प्रकाशाचा विचारपूर्वक वापर करू लागले होते. फिरता रंगमंचही तिथे त्यांनीच आणला.

पाण्याचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. नाटककार-दिग्दर्शक उत्पल दत्त यांनी १९५९ साली मिनर्व्हा थिएटरमध्ये 'अंगार' केले, आणि त्याच्या शेवटी कोळशाच्या खाणीत पाणी भरून अडकलेले कामगार बुडतात. हे पाणी म्हणजे निव्वळ प्रकाश होता. अशा दृश्यात नेमके काय घडते, ते मला एका एकांकिका स्पर्धेत कळले. नदी दाखवायची होती, म्हणून मी विंगेत पितळी परातीत पाणी घेतले, तळाशी आरशाचे तुकडे ठेवले आणि वरून स्पॉट मारला. परातीला बोट लावले की मागच्या पडद्यावर लाटा हलत, पण तालमीत त्या निव्वळ चकाकीच वाटत राहिल्या. मग एका नटाने धोतर गुडघ्यापर्यंत उचलून जड पाऊल टाकले आणि त्या क्षणी नदी झाली. खरे पाणी सोडले असते तर एवढ्या तारा अंथरलेल्या रंगमंचावर वेगळेच नाट्य घडले असते, हे सोडून देऊ.

ट्रिकचा आरोप अर्धवट खरा आहे. 'सेतू' या नाटकात तापस सेन यांनी दाखवलेली अंगावर येणारी आगगाडी बघायला लोक येत, आणि 'अंगार'च्या शेवटाने नाटकावर मात केली, अशी टीकाही झाली. ती मला अगदीच गैर वाटत नाही. पण याच माणसाने १९५४मध्ये शंभू मित्र यांनी बसवलेल्या रवींद्रनाथांच्या 'रक्तकरबी'ची प्रकाशयोजना केली होती. त्या नाटकातला राजा जवळजवळ अखेरपर्यंत जाळीआड असतो, तिथून केवळ त्याचा आवाज येतो. अशा ठिकाणी किती दाखवायचे यापेक्षा किती झाकायचे हे ठरवावे लागते, आणि ते काम ट्रिकचे नव्हे, संहिता वाचण्याचे आहे.

राहिले मूव्हिंग हेड. त्याने झोत हवा तिथे फिरतो, रंग बदलतो आणि शिडीवरची चढउतार वाचते, त्यामुळे दुपारचा प्रयोग उतरवून रात्रीचा लावणाऱ्या आमच्यासारख्यांना ते वरदानच आहे. मात्र वाक्याच्या कोणत्या शब्दावर अंधार करायचा, हे ते यंत्र सांगत नाही. सेन यांना ते कळत होते, कारण ते स्वतःला नाटकाच्या बाहेरचे तंत्रज्ञ समजत नव्हते. आपल्याच मुंबईत १९४६ साली झालेल्या नाविकांच्या उठावावर दत्त यांनी १९६५मध्ये 'कल्लोल' केले तेव्हा वृत्तपत्रांनी जाहिराती नाकारल्या, आणि त्यावर कलकत्ताभर 'कल्लोल चालू आहे, चालू राहील' अशा अर्थाची पोस्टर झळकली. ती कल्पना दिवे सांभाळणाऱ्या या माणसाची होती.