न्यूझीलंडच्या गोगलगायींचे नर केमिकलने मेलेले नाहीत

"न्यूझीलंडच्या तळ्यांतल्या गोगलगायींमधे नर फार कमी, म्हणजे पाण्यातल्या केमिकलने मेले" असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका. प्रदूषण गंभीरच आहे पण हा त्याचा पुरावा नाहीये. पोटामोपिर्गस अँटिपोडॅरम ही इवलीशी गोड्या पाण्यातली गोगलगाय, हिच्यातल्या बऱ्याच माद्या नराशिवायच पिल्लं देतात आणि ती पिल्लं आईची कॉपी म्हणजे परत माद्याच, मग अशा माद्या जास्त तिथे नर कमी दिसणारच ना! जीवशास्त्रज्ञ कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मधे दाखवलं की जिथे परजीवी कृमी जास्त तिथे नरही जास्त, कारण त्यांच्या मते मिलनातून वेगवेगळी पिल्लं होतात आणि कृमींना सगळ्यांना गाठणं अवघड जातं. युरोप-अमेरिकेत पसरलेल्या तर जवळजवळ सगळ्या माद्याच, एकटी मादीसुद्धा अख्खी वस्ती उभी करू शकते.