‘हजार कोटी आले आणि परत गेले’ : एका दाव्याचा प्रतिवाद

महापालिकेचा विषय निघाला की गेली काही वर्षे एक दावा हमखास पुढे केला जातो, आणि व्हॉट्सॲपवर तो थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा फिरत राहतो. दावा असा : करोनानंतर ओस पडलेल्या जुन्या बाजारपेठा आणि शहरांचे मध्यवर्ती भाग सावरावेत म्हणून केंद्राने स्मार्ट सिटी योजनेतून प्रत्येक शहराला हजार कोटी रुपये दिले, नगरसेवकांनी ते धड वापरले नाहीत, मुदत संपली आणि पैसे परत गेले, परदेशात असे होत नाही, तेव्हा यापुढे येणारा निधी मुदतीत शंभर टक्के खर्च होतो की नाही, एवढी एकच कसोटी लावावी. यामागची चीड मला समजते, कारण खणून ठेवलेल्या रस्त्यांतून मीही चाललो आहे. परंतु स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे या दाव्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला माझे कर्तव्य वाटते, विशेषतः शेवटची कसोटी, कारण नुकसान तिच्यामुळेच अधिक होते.

पहिले विधान हजार कोटींचे. स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले, म्हणजे महामारीच्या जवळजवळ पाच वर्षे आधी. त्यात शंभर शहरांसाठी केंद्राचा वाटा ४८,००० कोटी रुपयांचा होता; एका शहराला पाच वर्षांत मिळून सुमारे ५०० कोटी. तेवढीच रक्कम राज्य आणि महापालिका यांनी मिळून घालायची होती, आणि महाराष्ट्रात ती निम्मी-निम्मी वाटली गेली, म्हणजे सुमारे २५० कोटी महापालिकेचे स्वतःचे. आपल्याच घरपट्टीतून आणि जकात गेल्यानंतर मिळणाऱ्या जीएसटीच्या नुकसानभरपाईतून उभा राहणारा हा पैसा ‘दिल्लीहून आला’ असे म्हणणे म्हणजे आपल्याच खिशातून गेलेले पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा धरणे होय. शिवाय ही रक्कम कधीही एकगठ्ठा आली नाही. ती हप्त्यांनी आली, आधीच्या हप्त्याचा हिशेब दिल्यावर आली, आणि तिच्यातील काही टक्के प्रशासकीय व कार्यालयीन खर्चासाठी राखून ठेवलेले होते. काही शहरांच्या आराखड्यांत दोन-तीन हजार कोटींचे आकडे होते हे खरे आहे, पण त्यांत इतर योजनांचा पैसा आणि खासगी भागीदारीतून अपेक्षित असलेली गुंतवणूकही मिळवलेली होती. आराखड्यातील आकडा आणि खात्यावरची शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांच्या मथळ्यांनी हा फरक कधीच सांभाळला नाही.

हा पैसा शहराच्या मध्यभागासाठीच होता, हेही खरे नाही. कोणत्या भागाचा विकास करायचा ते शहराने आपल्या प्रस्तावात सांगायचे होते. पुण्याने पेठा निवडल्या नाहीत, औंध-बाणेर-बालेवाडी निवडले. नागपूरने पारडी, भरतवाडा, पुनापूर हा पूर्वेकडचा पट्टा घेतला. नाशिकने जुन्या गावठाणाचा समावेश केला. सोलापूरने शहराच्या मध्यभागावर भर दिला, तरी उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीलाही स्मार्ट सिटीचा पैसा लावला, आणि पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या त्या शहराला यासाठी दोष देण्याची माझी तयारी नाही. पुण्याच्या पेठांतल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराने ‘आमच्या बाजारपेठेचे हजार कोटी कुठे गेले’ असे विचारले, तर त्याचे प्रामाणिक उत्तर असे की ते त्याच्या बाजारपेठेसाठी मागितलेच गेले नव्हते. तो निर्णय चुकीचा होता असे माझे मत आहे, पण तो २०१५ साली उघडपणे घेतला गेला होता.

महामारीनंतर म्हणून जो पैसा आला, त्याचे स्वरूप निराळे होते. बाजारपेठेतल्या माणसाच्या हातात थेट पोहोचला तो जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतला दहा हजार रुपयांचा पहिला हप्ता. तो फेरीवाल्याला मिळाला आणि ते बँकेचे कर्ज होते, व्याजात ७ टक्के सवलत असलेले. राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे २०२०-२१ पासून मिळू लागली, पण ती राज्यांना मिळाली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरी संस्थांना दिलेल्या अनुदानाचा मोठा भाग पाणी, स्वच्छता आणि मोठ्या शहरांत हवेची गुणवत्ता यांना बांधलेला होता. शहराच्या मध्यभागाच्या पुनरुज्जीवनासाठी म्हणून वेगळा केंद्रीय निधी आपल्याकडे त्या काळात नव्हताच. जो नव्हता तो परत कसा जाईल?

आता पैसे परत गेल्याचे विधान. अभियानाची मुदत तीनदा पुढे गेली : आधी जून २०२३, मग जून २०२४, आणि शेवटी ३१ मार्च २०२५. केंद्राच्या ४८,००० कोटींपैकी ४७,००० कोटींहून अधिक रक्कम २०२४ च्या अखेरीपर्यंत शहरांना वितरित झालेली होती. ‘परत गेले’ ही समजूत बहुधा दोन गोष्टींच्या गोंधळातून आली असावी. एक म्हणजे, अनुदानाची रक्कम बँकेत पडून असताना तिच्यावर मिळालेले व्याज २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार केंद्राच्या संचित निधीत भरावे लागते, आणि तसा भरणा झाला की ‘कोट्यवधी परत’ अशी बातमी होते. दुसरे म्हणजे, वर्षअखेरची अखर्चित शिल्लक म्हणजे वाया गेलेला पैसा असे मानले जाते. वर्क ऑर्डर दिलेली आहे, काम चालू आहे आणि ठेकेदाराचे बिल मोजमाप होऊन निघायचे आहे, अशा पैशाला हिशेबात दायित्व म्हणतात. ३१ मार्चला तो खात्यावर दिसतो, परंतु तो मोकळा नसतो.

नगरसेवकांना दोष देणारे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते, आणि मी कोणत्याही पक्षाचा नाही. स्मार्ट सिटीची कामे कंपनी कायद्याखाली स्थापन केलेल्या स्वतंत्र कंपनीमार्फत झाली. तिच्यात राज्य आणि महापालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा. संचालक मंडळावर महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष अशा काही पदाधिकाऱ्यांना जागा होत्या, पण या कंपनीच्या निविदा महापालिकेच्या स्थायी समितीपुढे जाव्या लागत नव्हत्या. त्यात औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये, कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, ठाणे यांची मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहरांत निवडून आलेले सभागृहच नव्हते. महामारीनंतरच्या निर्णायक वर्षांत कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्रशासक यांनी निर्णय घेतले. आपल्या प्रभागातला खणलेला रस्ता कधी बुजणार, हे ज्याला दारात जाऊन विचारता येईल असा माणूसच उरला नव्हता. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना दिलेला अधिकार या काळात कागदावर राहिला. दोष द्यायचाच असेल तर तो या रचनेला द्यावा लागेल.

परदेशाचे उदाहरणही तपासून घ्यावे. ब्रिटनमध्ये बाजाररस्त्यांसाठी खरोखरच स्वतंत्र निधी होता. डिसेंबर २०२० मध्ये ७२ ठिकाणांना मिळून ८३ कोटी १० लाख पौंड जाहीर झाले, पण त्यांपैकी ५७ ठिकाणांना मागणीच्या ६९ टक्केच रक्कम देऊ करण्यात आली. गावे आणि मागास भाग सावरण्याच्या तिथल्या मोठ्या योजना मिळून १,०४७ कोटी पौंडांच्या होत्या. तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने मार्च २०२४ मध्ये सांगितले की सप्टेंबर २०२३ पर्यंत त्यांतील अवघे १२४ कोटी पौंड खर्च झाले होते. साहित्याचे भाव वाढले, निर्णय उशिरा झाले, स्थानिक संस्थांकडे माणसे कमी होती. उशीर हा आपल्या मातीचा दोष आहे, अशी खंत बाळगण्याचे कारण नाही.

राहिली शेवटची कसोटी, शंभर टक्के खर्चाची. माझा खरा आक्षेप तिलाच आहे. मुदतीत खर्च झालाच पाहिजे या दडपणाखाली काय होते ते पणजीने भोगले. मे २०१६ मध्ये निवडल्या गेलेल्या त्या शहरात मुदत जवळ येऊ लागली तशी मध्यवर्ती भागातली अनेक कामे एकाच वेळी निघाली, मलनिस्सारणाच्या वाहिन्यांसाठी रस्त्यामागून रस्ता खणला गेला, आणि अखेर धुळीचा प्रश्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर जाऊन न्यायमूर्तींना स्वतः कामांची पाहणी करावी लागली. कामे गरजेची नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एका रस्त्याचे काम पुरे करून दुसरा हाती घेण्याचा साधा क्रम मुदतीपुढे टिकला नाही.

आणि खर्च शंभर टक्के झाल्यानंतर काय होते, ते मी माझ्या गावातल्या बाजाररस्त्यावर रोज पाहतो. तिथे काळ्या दगडाच्या सुंदर फरशा बसवल्या होत्या, कडेने वायरींसाठी डक्ट होता, झाडांभोवती बसायला ओटे होते. दीड वर्षाने एका केबलसाठी तीन फरशा उचलल्या गेल्या आणि परत बसवताना दोन फुटल्या. त्या जागी सिमेंट काँक्रीटचा ओबडधोबड चौकोन आला, आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचू लागले. त्या भागाच्या अभियंत्याला मी विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की तो दगड दरसूचीत, म्हणजे मंजूर दरांच्या यादीत, नाही, त्याचा वेगळा दर काढून मंजुरी घ्यावी लागेल, आणि मंजुरी मिळाली तरी खर्च टाकायला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातले खाते, नाही, कारण रस्ता अजून कंपनीकडून पालिकेकडे रीतसर हस्तांतरितच झालेला नाही. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडले तर ते त्यानेच दुरुस्त करून देण्याची मुदत, चालू होती, पण फरशी दुसऱ्याने उचलल्यामुळे त्याने हात वर केले. हा माणूस कामचुकार नव्हता. दुरुस्तीचा पैसा कोणाच्याच वहीत लिहिलेला नव्हता, एवढेच.

या रस्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मात्र बिनचूक असणार. त्यात रक्कम किती आली, किती खर्च झाली आणि ज्या कारणासाठी मंजूर होती त्याच कारणासाठी झाली की नाही, एवढेच लिहायचे असते. दिवा लागतो का, फरशी जागेवर आहे का, डक्टचे झाकण कोणी चोरले का, हे विचारणारा रकाना त्यात नाही. अशी प्रमाणपत्रे मी वर्षानुवर्षे तपासली आणि ती योग्य म्हणून पुढे पाठवली, आणि नियमाने ती योग्यच होती. अभियान संपले तेव्हा कंपन्यांचे पुढे काय करायचे, त्यांनी उभारलेले नियंत्रण कक्ष, कॅमेरे आणि रस्ते कोणी चालवायचे, हा प्रश्न शहराशहरांत उभा राहिला. शंभर टक्के खर्चाच्या कसोटीत तो कधी आलाच नव्हता.

देखभालीला पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्लीत नाही. पुणे महापालिकेच्या सभागृहाने २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोध झाला आणि ते पाच रस्त्यांपुरते आखडले गेले. तेवढेही नीट अमलात आले नाही. शहरातल्या सर्वांत महाग जमिनीवर दिवसभर फुकट उभी राहणारी गाडी ही त्या रस्त्याच्या दुरुस्तीतून कापून घेतलेली सवलत आहे. घरपट्टीच्या सवलतींबाबतही असाच हिशेब मांडता येईल. सवलत द्यायची की नाही हा लोकांचा निर्णय आहे, पण फुटलेली फरशी त्या निर्णयाच्या खर्चाच्या बाजूला लिहिली गेली पाहिजे.

हे आताच सांगण्याची निकड वेगळ्या कारणाने आहे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक लाख कोटी रुपयांचा शहरी आव्हान निधी जाहीर झाला आणि त्यात शहरांच्या सर्जनशील पुनर्विकासाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जुन्या मध्यभागांसाठी आता खरोखरच दार उघडले आहे. परंतु या निधीतून प्रकल्पाच्या खर्चाचा जास्तीत जास्त २५ टक्के हिस्सा मिळणार आहे, आणि किमान ५० टक्के रक्कम रोखे, बँकेचे कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करावी लागणार आहे. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा व्याजाचा दर ७.५९ टक्के होता. पाण्याला निदान पाणीपट्टी असते; बाजाररस्त्याच्या फरशीला कोणती पट्टी आहे? स्मार्ट सिटीत खर्च फसला तर अनुदान फसले. इथे खर्च फसला तर हप्ते मात्र चालू राहतील, आणि ते पुढचे सभागृह फेडत बसेल.

म्हणून आपल्या शहराचा प्रस्ताव जाण्याआधी नगरसेवकाकडे खर्चाची टक्केवारी मागू नये. तीन कागद मागावेत : काम पूर्ण झाल्यावर ते पालिकेच्या कोणत्या खात्याकडे आणि कोणत्या तारखेला जाणार, त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचे लेखाशीर्ष कोणते आणि त्यात पैसा कुठून येणार, आणि वापरलेले साहित्य दरसूचीत आहे की नाही. तिसरा कागद क्षुल्लक वाटेल. आमच्या बाजाररस्त्यावरचा सिमेंटचा चौकोन त्या एका कागदावाचून दोन पावसाळे तसाच आहे.