खुलासा : एएलएसचे ‘जनुक बंद करणारे’ इंजेक्शन

‘एएलएसचे जनुक सापडले, एका इंजेक्शनने ते कायमचे बंद होते, रुग्ण बरा होतो’ असा मजकूर फिरतो आहे. (एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार.) तथ्य आहे, पण चिमूटभर. औषध खरे आहे : टोफर्सेन. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. मात्र ते जनुकाला हातही लावत नाही. एसओडी१ जनुकाचा निरोप नेणारा आरएनए ते नष्ट करते, म्हणून घातक प्रथिन कमी बनते. त्यासाठी सुरुवातीच्या तीन डोसनंतर दर २८ दिवसांनी पाठीच्या कण्यातून इंजेक्शन, तेही घेतच राहायचे. शिवाय एसओडी१मधला दोष एएलएसच्या जेमतेम २ टक्के रुग्णांत आढळतो. बाकीच्यांसाठी हे औषध नाहीच. आणि ‘बरा होतो’? २८ आठवड्यांच्या मुख्य चाचणीत आजाराचा वेग ठळकपणे मंदावलेला दिसला नव्हता. मंजुरी मिळाली ती रक्तातले न्यूरोफिलामेंट (चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) घटल्यामुळे.