‘जुना तिकीटधारक’ यांना उत्तर, म्हणजे पुन्हा एकदा बोर्टल्स

साहेब (की बाईसाहेब? टोपणनावाने टीका करणाऱ्यांची ही एक सोय असते, समोरचा संबोधनातच अडकून बसतो),

गेल्या शुक्रवारच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बायकोने मोठ्याने वाचून दाखवली आणि ‘वकील’ (तुमच्या लेखी मी बोर्टल्सचा वकील) या शब्दावर ती गरजेपेक्षा जास्त हसली. तेव्हा आता उत्तर देणं भाग आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 17 ऑगस्ट 2017च्या गुरुवारी इथे जॅक्सनव्हिलमध्ये, एव्हरबँक फील्डवर, आपल्या जॅग्वार्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्री-सीझनचा, म्हणजे खऱ्या सामन्यांआधीच्या सरावाचा, दुसरा सामना झाला. टॅम्पा बेच्या संघाकडून 12-8 हरलो. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली खेळवणारा, ब्लेक बोर्टल्स याने 13 पैकी 8 पास पोचवले, मिळून 65 यार्ड, टचडाउन (चेंडू पलीकडच्या रेषेपार नेणं) एकही नाही. घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सामना संपल्यावर कोच डग मरोन यांनी सांगून टाकलं की जागा आता मोकळी आहे, बोर्टल्स आणि राखीव क्वार्टरबॅक चॅड हेनी यांच्यात जो सरस ठरेल तो खेळेल. मी लिहिलं की ज्या सामन्याचा निकाल कुठल्याच तक्त्यात धरत नाहीत त्यावरून माणसाला सुळावर चढवू नका, आणि हुर्यो उडवणं तर निव्वळ मूर्खपणा. बस्स, एवढंच.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे नंतर ‘लेखक चूक कबूल करत नाही’ असं व्हायला नको. 2015 मध्ये बोर्टल्सने 36 टचडाउन पास दिले असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता 35. तपासलं, 35च आहेत. माझी चूक. बदल केला आहे. एका टचडाउनपायी तुम्ही ‘आकडे तरी धड लिहा’ असं लिहायची गरज नव्हती, पण असो.

आता मुद्द्याकडे. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य मी जसंच्या तसं देतो: ‘हुर्यो ही तिकिटाच्या किमतीत धरलेली असते, ज्याला झेपत नाही त्याने घरी बसावं, आणि त्याच्या वकिलानेही.’

हे असं बोलतात का? समोरासमोर बोलला असता का तुम्ही? आपण एका गावात राहतो. गणपतीला एकाच हॉलमध्ये आरतीला उभे राहत असू, मोदकाच्या रांगेत कदाचित माझ्याच पुढे तुम्ही असाल. मी माझ्या लेखात कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाची लायकी काढली नाही. ‘मूर्खपणा’ हा शब्द वापरला, पण तो कृतीला होता, माणसाला नाही. हा फरक शाळेत शिकवतात.

आणि तिकिटाचं मला सांगू नका. सीझन तिकीट माझ्याकडेही आहे, 2011 पासून. वरच्या भागातल्या खुर्च्या खपत नाहीत म्हणून त्यांच्यावर ताडपत्र्या घातलेल्या होत्या तेव्हापासून. प्री-सीझनच्या सामन्यांनाही खऱ्या सामन्याइतकेच पैसे आपल्याकडून काढतात, घ्यायचं तर सगळं एकदम घ्या म्हणतात, हे मलाही झोंबतं. तो राग आहे ना? तो मालकावर काढा. ज्याने तिकिटाचे दर ठरवले नाहीत त्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर का?

पण खरं सांगायचं तर ते वाक्य मला तिकिटामुळे लागलं नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे गोल चेंडूचा, पायाने खेळायचा, आणि पेठेच्या अब्रूचा. पाटाकडील आणि शिवाजी या तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियमबाहेर पोलीस आधी आणि खेळाडू नंतर येतात. ज्याने ते पाहिलंय त्याला प्रेक्षक म्हणजे काय चीज असते हे अमेरिकेत येऊन शिकावं लागत नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना एका तालमीचा गोलकीपर होतो. तालमीचं नाव घेत नाही, माझे चुलते अजून तिथल्या कट्ट्यावर बसतात. सीझन सुरू व्हायच्या आधीचा सराव सामना होता, गांधी मैदानावर. पाऊस नुकता ओसरलेला, गोलपोस्टसमोर घोट्याएवढा चिखल. चाळीस यार्डांवरून एकाने उगीच मारल्यासारखा चेंडू मारला. मी खाली वाकलो, हात लावले, आणि साबणाची वडी निसटावी तसा तो दोन पायांमधून गेला. सरपटत गेला. मला मागे वळून धावत जाऊन धरता आला असता, पण चिखलात पाय रुतले होते आणि तो रेषा ओलांडेपर्यंत मी फक्त बघत राहिलो.

सराव सामना होता. कुठे नोंद नाही, कप नाही, गुण नाहीत. कठड्यावर बसलेली चारपाचशे माणसं, सगळी आमच्याच पेठेतली. आधी शिट्ट्या, मग ‘चाळण, चाळण’. त्यात माझ्या आतेभावाचा आवाज मला वेगळा ओळखू आला. पुढच्या अर्ध्या तासात मी आणखी दोन गोल खाल्ले, आणि ते दोन मी एरवी झोपेत अडवले असते. त्या सीझनला मी बाकावर बसलो, पुढच्या वर्षी इंजिनीअरिंगला पुण्याला गेलो. ‘चाळण’ हे नाव माझ्या लग्नाच्या वरातीपर्यंत टिकलं, बायकोला त्याच दिवशी कळलं.

तेव्हा, ‘ज्याला झेपत नाही त्याने घरी बसावं’ हे मला शिकवू नका. मी बसलोय.

म्हणूनच गुरुवारी मी बोर्टल्सकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होतो. तुम्ही बघत होता का, की फोनवर होता? त्याचा एक पास रिसीव्हरच्या, म्हणजे झेलणाऱ्याच्या, मागे पडला. आवाज सुरू झाला. आधी वरून, मग आमच्या बाजूने. आमच्या पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थाने पाच नंबरची जर्सी घातली होती, पाठीवरच्या नावावर रुंद चिकटपट्टी मारलेली. ती घामाने सुटत होती, आणि तो दर दोन मिनिटांनी हात मागे नेऊन ती पुन्हा दाबत होता. बोर्टल्स बाहेर आला, टॉवेलने मान पुसली, टॅबलेट घेतला आणि बघत बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी. दोन खेळाडू आले आणि पलीकडे जाऊन बसले. पुढच्या खेपेला चेंडू सोडताना त्याचा हात पुन्हा खाली घसरला.

हात खाली घसरणं ही त्याची जुनी खोड. चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन, मोठा वळसा घेऊन फेकायचा. तेवढ्या वेळात समोरच्या बचावपटूला चिठ्ठी लिहून पाठवता येते. ती मोडायला तो कॅलिफोर्नियात टॉम हाऊस यांच्या लोकांकडे महिनोन् महिने घालवून आलाय. हाऊस स्वतः बेसबॉलचे पिचर होते. पण शरीराला लागलेली सवय दबावाखाली सगळ्यात आधी परत येते. बोलिंग अ‍ॅक्शन बदललेल्या कुठल्याही फास्ट बोलरला विचारा. नेटमध्ये सगळं झकास, मॅचमध्ये पहिला चौकार बसला की जुनी अ‍ॅक्शन परत. आणि दबाव कोण आणत होतं गुरुवारी? टॅम्पाचे अकरा जण, आणि तुमच्यासारखे काही हजार.

तुम्ही लिहिता, ‘प्री-सीझन विसरा.’ का विसरू? लेखच प्री-सीझनवर होता. 2008 मध्ये डेट्रॉइटने प्री-सीझनचे चारही सामने जिंकले आणि मग खरे सोळाच्या सोळा हरले. 2005 मध्ये नामी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा इंडियानापोलिस संघ प्री-सीझनचे पाचही सामने हरला आणि मग खऱ्या सोळापैकी 14 जिंकून गेला. या सामन्यांत कोच मुठीतली पानं दाखवत नाहीत, मोजक्याच साध्या चाली खेळवतात. त्यातून गुरुवारी चेंडू घेऊन पळणारा लेनर्ड फोर्नेट पायाच्या दुखण्याने बाहेर, रिसीव्हर मार्कीज ली सरावात जायबंदी, आणि बोर्टल्सची डावी बाजू सांभाळायला कॅम रॉबिन्सन हा यंदाच कॉलेजातून आलेला पोरगा. यात मॅनिंगला उभं केलं असतं तरी... बरं, मॅनिंगचं सोडा, त्याने काहीतरी केलंच असतं. पण मुद्दा लक्षात आला असेल.

राहिला तुमच्या आकड्यांचा डोंगर. बोर्टल्स पहिल्या तीन वर्षांत 45 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, 11 जिंकले, 34 हरले. 51 इंटरसेप्शन, म्हणजे इतक्या वेळा चेंडू शत्रूच्या हातात नेऊन दिला. त्यातल्या अकरांवर समोरच्यांनी पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे जितके विजय तितकी ही दानं. ऑगस्टच्या सुरुवातीला एकाच दिवसाच्या सरावात पाच इंटरसेप्शन. हे सगळं मला माहीत आहे. आकडे खरे आहेत. आकडे नेहमीच खरे असतात. पण ते काही सगळं सांगत नाहीत, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

सिएटलने 2012 मध्ये महागड्या क्वार्टरबॅक मॅट फ्लिनला बाजूला ठेवून, कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेल्या रसेल विल्सनला प्री-सीझनवरूनच निवडलं, हे तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण चॅड हेनी म्हणजे विल्सन नव्हे. हेनीने 2014 नंतर खऱ्या सामन्यात एकही पास टाकलेला नाही. त्याच वर्षी त्याला काढून बोर्टल्सला आणा म्हणून याच स्टेडियमात लोक ओरडत होते. तुम्हीही असाल त्यात. जुने तिकीटधारक ना तुम्ही?

करारातल्या त्या कलमाचं तुम्ही लिहिलंय, की मे महिन्यात क्लबने त्याचा करार पाचव्या वर्षी चालू ठेवायचा पर्याय वापरला, तो साधारण 1.9 कोटी डॉलरचा आहे, आणि 2018 साठी ती रक्कम आत्ता फक्त दुखापत झाली तरच पक्की होते. म्हणून त्याला खेळवणं हाच धोका. बरोबर असेल. मी हिशेबनीस नाही. जेलन रॅमझी आणि कॅलेस कॅम्पबेल यांचा बचाव तयार असताना वर्ष वाया घालवू नका, हेही ऐकलं. यावर टॉम कॉफलिन बघून घेतील. या संघाचे पहिले कोच तेच होते आणि जानेवारीत ते संघाचे कारभारी म्हणून परत आलेत ते काही टाळ्या वाजवायला नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल एकच. ‘लेखक बहुधा क्रिकेटवरून इकडे आलेला दिसतो.’ हो, आलोय. फुटबॉलवरूनही आलोय. तुम्ही कुठून आलात ते लिहिलं असतं तर बोलता आलं असतं. इतक्या वर्षांत तुमची या ब्लॉगवर ही पहिलीच प्रतिक्रिया. तीस-बत्तीस लेख झाले. जिंकल्यावर लिहिलेल्या लेखांखाली (पाच-सहा असतील, मान्य) तुमचं ‘छान’ एवढं सुद्धा नाही.

हे लिहीत असताना बायको मागून वाचून गेली. म्हणाली, मागच्या वर्षी आपल्याच सोफ्यावरून ‘बसवा रे त्याला कुणीतरी’ असं कोण ओरडत होतं? तर ते मी होतो. पण ते घरात होतं. त्याला ऐकू गेलं नाही.

गुरुवारी, 24 तारखेला, कॅरोलायनाचा संघ येतोय. मी तिथेच असेन, दुपारपासून पार्किंगमध्ये, ज्या गाडीवर जॅग्वार्सच्या झेंड्याशेजारी छोटा भगवा आहे ती माझी. थर्मासमध्ये चहा असतो आणि बायको कांदाभजी करते. या. हेनी सुरुवात करो की बोर्टल्स, तुम्हाला ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा, तुमचं तिकीट आहे. फक्त तेव्हा माझ्या शेजारी बसू नका.

ता. क. 36 चं 35 केलं आहे. लेखाचं शीर्षक बदला अशी तुमची सूचना होती, ते बदललेलं नाही.